कोलारच्या टेकड्या उपसण्याआधी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सोन्याचा भाव चढू लागला की कोलारच्या बंद पडलेल्या खाणींची आठवण सर्वांनाच होते. तेथे दगड दळून सोने काढून घेतल्यावर उरलेल्या जुन्या गाळाच्या तेरा ढिगांमधून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्र सरकारच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली, तेव्हापासून या विषयावर बरेच लिहिले गेले आहे. त्या लिखाणात ढिगांमध्ये सोने किती उरले असेल आणि त्याचे कोटी किती होतील, या दोन प्रश्नांची चर्चा भरपूर असते. ज्या गावाच्या अंगणात हे ढीग उभे आहेत, त्या गावाविषयी मात्र चार ओळीही नसतात. मी बरीच वर्षे बेंगळूरुत राहतो आणि कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे तेथील लोकांच्या तोंडचे ‘के. जी. एफ.’, हे गाव मी जवळून पाहिले आहे. या ढिगांचा एक कण हलवण्यापूर्वी त्या गावाची घरे, तेथील माणसांची छाती आणि तेथील जमीन यांचा हिशेब करारात लिहिला जावा, असे माझे ठाम मत आहे आणि ते का, हे त्या गावाचा इतिहास थोडक्यात सांगितल्याशिवाय पटणार नाही, म्हणून हे पत्र काहीसे लांबले आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी गाजलेल्या एका कन्नड चित्रपटामुळे हे नाव महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचले; पण त्याबरोबरच ही खाण म्हणजे एखाद्या गुंडाचे खासगी साम्राज्य होते आणि तेथे गुलाम राबत होते, अशी समजूतही पसरली. वास्तविक, त्या कथेचा मोठा भाग ज्या काळात घडतो, त्या काळात या खाणी सरकारच्या मालकीच्या होत्या. तेथे हजेरीपट होते, कामगार संघटना होत्या, बोनसवरून संप होत होते, शाळा आणि रुग्णालय होते. खऱ्या कोलारची कहाणी त्या कल्पित कथेपेक्षा अधिक कठोर आहे, कारण तेथे जे घडले ते कायद्याच्या चौकटीत, कागदोपत्री नोंद होऊन घडले.

या भागात सोने आहे ही माहिती इंग्रजांच्या आधीपासूनची. ज्या कोलार परगण्याचा समावेश पुढे शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत झाला, त्याच परगण्यातील उरिगाम आणि मारिकुप्पम या खेड्यांच्या परिसरात गावकरी जुन्या खड्ड्यांतून माती काढून, ती धुऊन सोन्याचे कण वेचत असत. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याच्या सीमेची पाहणी करणारा लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ मध्ये येथे आला. सोने दाखवणाऱ्यास बक्षीस जाहीर करताच गावकऱ्यांनी गाड्या भरभरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन दाखवली. त्याने तसा अहवाल लिहिला, तो छापूनही आला, आणि नंतर सुमारे सत्तर वर्षे त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १८७१ च्या सुमारास न्यूझीलंडमधील युद्धातून परतून बेंगळूरुत स्थायिक झालेला मायकेल लव्हेल हा आयरिश निवृत्त सैनिक तो जुना अहवाल वाचून बैलगाडीने कोलारला पोहोचला. त्याने म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला आणि १८७५ मध्ये उरिगामजवळ पहिला कूपक, म्हणजे खाणीत उतरण्याचा उभा खड्डा, खणण्यास आरंभ केला. त्याच्यापाशी भांडवल नव्हते, म्हणून काही वर्षांतच हे हक्क इतरांकडे गेले, आणि १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या खाण व्यवस्थापक पेढीचा येथे प्रवेश झाला.

त्यानंतरची पहिली तीन-चार वर्षे तोट्याची होती. अनेक कंपन्यांनी पैसा ओतला आणि तो मातीत गेला. म्हैसूर कंपनीचे भागधारक काम गुंडाळण्याच्या विचारात असताना, शिल्लक रकमेतून थोडे आणखी खोल जाऊन पाहण्याचे ठरले आणि तेव्हा चॅम्पियन ही सोने असलेली गारगोटीची शीर हाती लागली. दगडातून त्या काळी एका टनामागे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमपर्यंत सोने मिळत असे. मग म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगाम, नंदीदुर्ग आणि बालाघाट या कंपन्यांचे कूपक एका ओळीत उभे राहिले. कॉर्नवॉलमधील कथिलाच्या खाणी त्या सुमारास उतरणीला लागल्या होत्या. तेथील कसलेले खाणकामगार येथे पर्यवेक्षक म्हणून आले. १८९४ मध्ये बंगारपेट, म्हणजे त्या वेळचे बाउरिंगपेट, येथून मारिकुप्पमपर्यंत रेल्वेचा फाटा आला. पालार नदीवरील बेतमंगलच्या तलावातून पाणी आले. क्लब, जिमखाना, गोल्फचे मैदान, चर्च आणि उतरत्या छपरांचे बंगले असा सारा थाट उभा राहिला. म्हैसूर संस्थानाला उत्पन्नाच्या पाच टक्के स्वामित्वधन मिळू लागले आणि संस्थानाच्या तिजोरीचा तो एक मोठा आधार ठरला.

या खाणींसाठीच शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर वीजकेंद्र उभारण्यात आले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत ही योजना आखली गेली आणि जून १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर अंतरावरून वीज खाणींत पोहोचली. एवढ्या लांबीची वीजवाहिनी त्या काळी जगातही विरळ होती. राजधानीचे शहर म्हणून मिरवणाऱ्या बेंगळूरुच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये, कोलारच्या खाणींना वीज मिळाल्यानंतर तीन वर्षांनी. आपल्याकडे खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते त्यानंतर दशकभराने. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि ही वीज प्रथम यंत्रांना मिळाली, मग साहेबांच्या बंगल्यांना. कामगारांच्या चाळींत ती यायला पुष्कळ काळ लागला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

खाणीत उतरणारे कोण होते, याचे उत्तर या पत्राच्या मुळाशी आहे. उत्तर अर्काट, चित्तूर, सेलम, धर्मपुरी या जिल्ह्यांतून आलेले तमिळ आणि तेलुगू भाषक लोक, आणि त्यांतही फार मोठ्या संख्येने दलित. दुष्काळ आणि गावगाड्यातील वेठ यांतून सुटण्याचा मार्ग म्हणून त्यांनी खाणीचा रस्ता धरला. विसाव्या शतकाच्या आरंभी या खाणींवरील कामगारांची संख्या तीस हजारांच्या वर गेली होती. त्यांच्यासाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांना ‘लाइन्स’ म्हणत आणि आजही म्हणतात. आरंभी बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या, पुढे पत्र्याच्या व कौलारू छपरांच्या एकेका खोलीच्या रांगा. आजही एखाद्या लाइनमध्ये शिरले की ती मांडणी स्पष्ट दिसते: दाराला दार लागून ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीपुढे कुटुंबाने स्वतःच्या पैशाने वाढवलेला पत्र्याचा किंवा तट्ट्याचा आडोसा, त्यात चूल, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या रंगीत घागरींची रांग आणि भिंतीवर हार घातलेल्या छायाचित्रात खाणीचे शिरस्त्राण घातलेला बाप किंवा आजोबा. पलीकडे मोडकळीला आलेला लोखंडी मनोरा, ज्याच्या चाकावरून एकेकाळी कामगारांना खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याचा दोर फिरत असे. या घरांत आज चौथी-पाचवी पिढी नांदते आहे आणि यांतील कित्येकांच्या नावावर ते घर नाही.

सोन्याच्या चोरीविरुद्ध संस्थानाने खास कायदा केला होता आणि खाणीतून वर येणाऱ्या प्रत्येकाची झडती होत असे. १९३० मध्ये कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याचे कंपन्यांनी ठरवले, तेव्हा सारा कामगारवर्ग एकदिलाने संपावर गेला. त्या वेळी तेथे मान्यताप्राप्त कामगार संघटना नव्हती, नावाजलेला पुढारीही नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९२८ च्या संपाविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. कोलारच्या या संपाचे नावही मराठी वाचकाच्या कानावर गेलेले नसते. मजुरीच्या जोडीने माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न घेऊन उभा राहिलेला हा लढा होता आणि भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात त्याला याहून मोठे स्थान मिळायला हवे.

याहून अधिक जिव्हाळ्याची वाटावी अशी एक गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. मद्रासमध्ये पंडित अयोती दास यांनी १८९८ मध्ये शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. तमिळ प्रदेशातील अस्पृश्य मानले गेलेले लोक हे मूळचे बौद्ध होत, अशी त्यांची मांडणी होती. या संघाच्या सर्वांत जागत्या शाखांपैकी एक मारिकुप्पम येथे, याच खाणकामगारांच्या वस्तीत होती. पाळी संपवून आलेले कामगार येथे ग्रंथ वाचत, सभा भरवत, जातिभेदाविरुद्ध व्याख्याने ऐकत, विवाह आणि अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करत. अयोती दास १९१४ मध्ये वारले, त्यानंतर त्यांच्या लेखनाचे पुनर्मुद्रण करून ते टिकवण्याचे काम कोलारच्या मंडळींनी केले. त्यांचे साप्ताहिकही पुढे काही वर्षे येथूनच निघत असे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे महान परिवर्तन घडले, त्याच्या जवळपास अर्धशतक आधी, जमिनीखाली सोने खणणाऱ्या या माणसांनी स्वतःच्या कमाईतून छापखाना, वाचनालय आणि विहार उभे केले होते. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या आणि दिवसाचे आठ-आठ तास अंधारात काढणाऱ्या लोकांनी हे केले, हे वाचून मन भरून येते. सोन्याचे आकडे सांगणाऱ्या एकाही लेखात मला याचा उल्लेख आढळलेला नाही.

खाणी जसजशा खोल गेल्या तसतसे काम बिकट होत गेले. चॅम्पियन रीफची खाण अखेर तीन किलोमीटरहून अधिक खोल पोहोचली आणि जगातील सर्वांत खोल खाणींत तिची गणना होऊ लागली. इतक्या खोलीवर दगडाचेच तापमान साठ अंश सेल्सियसच्या पुढे असते. वरून थंड हवा खाली सोडावी लागे, तरीही तळाशी काम करणारा माणूस घामाने निथळत असे. शेवटच्या पातळीवर थेट पोहोचवणारा एकच कूपक नव्हता. एका पिंजऱ्यातून उतरायचे, भुयारातून चालायचे, पुन्हा दुसऱ्या पिंजऱ्यात बसायचे, असा तो प्रवास असे. खोलवरच्या खडकावरील दाब मोकळा झाला की तो स्फोटासारखा फुटतो. असे खडकस्फोट येथे वारंवार होत, त्यांत अनेकांचे बळी गेले आणि मोठ्या स्फोटाने जमिनीवरील घरांनाही तडे जात. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था याच गावात स्थापन झाली. कोयनेच्या भूकंपानंतर हादऱ्यांची मोजदाद करणारी यंत्रे कशी आवश्यक ठरतात, हे आपण जाणतोच. कोलारच्या बायकांना जमीन हादरली की घड्याळाकडे पाहून कोणाची पाळी खाली आहे, हे पाठ असे.

दुसरा घातक शत्रू होता धूळ. गारगोटी फोडताना उडणारी सिलिकाची बारीक पूड फुफ्फुसांत बसते आणि ती पुन्हा बाहेर निघत नाही. भारतात सिलिकोसिस या रोगाची पहिली नोंद १९३४ मध्ये झाली ती याच खाणींतून. १९४० च्या दशकात सुमारे साडेसात हजार कामगारांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना हा रोग जडलेला आढळला. त्या तपासणीनंतर खाणी आणखी पन्नासहून अधिक वर्षे चालू राहिल्या.

येथे विज्ञानाच्या इतिहासातील एका पर्वाचाही उल्लेख करणे भाग आहे, कारण त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांनी १९५० च्या दशकाच्या आरंभापासून या खाणींत विश्वकिरणांचे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या माऱ्याचे, प्रयोग सुरू केले. वरचा दोन किलोमीटरहून जाड खडक इतर जवळजवळ सारे किरण अडवतो आणि न्यूट्रिनोसारखा कशालाच न जुमानणारा कण तेवढा खाली पोहोचतो, हे त्यामागचे तत्त्व. मेनन, श्रीकंठन, नरसिंहम् आदी संशोधकांनी जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या एका गटाचाही निष्कर्ष त्याच सुमारास आला, पण कोलारचा निबंध नियतकालिकाकडे काही दिवस आधी पोहोचला होता. पुढे १९८० च्या दशकात अणूच्या गाभ्यातील प्रोटॉन या कणाचा ऱ्हास होतो का, हे शोधणारा मोठा प्रयोगही येथेच उभारला गेला. ही सारी लोखंडी उपकरणे, तारा आणि शोधकनळ्या पिंजऱ्यातून खाली नेणारे, भुयार खणून देणारे आणि पाणी उपसत राहणारे हात खाणकामगारांचे होते. खाणीची घरघर लागली, तसे हे प्रयोगही आटोपते घ्यावे लागले.

ती घरघर का लागली, याविषयी ‘सोने संपले’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. दगडातील सोन्याचे प्रमाण घटत जाऊन टनामागे तीन-चार ग्रॅमवर आले होते, हे खरे आहे. पण तेवढ्यावर उत्तर पुरे होत नाही. १९५६ च्या अखेरीस म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड हा सार्वजनिक उपक्रम स्थापन झाला. मधल्या काळात येथील सोने सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ठरीव दराने जमा करून घेत असे आणि तो दर देशातील बाजारभावापेक्षा फारच कमी होता. म्हणजे देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीला हातभार लावायचा कोलारने आणि ताळेबंदात तोटा दिसायचा तोही कोलारचाच. ज्या वर्षांत नवे साठे शोधण्यात पैसा गुंतवायला हवा होता, त्या वर्षांत तो नव्हता. १९९२ मध्ये हा उपक्रम आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सव्वाशे वर्षांच्या आसपास चाललेल्या या उद्योगाने पाच कोटी टनांहून अधिक खडक उपसून आठशे टनांपेक्षा जास्त सोने देशाला दिले. पंप थांबले, कूपकांत पाणी चढत गेले आणि तीन किलोमीटरची ती भुयारे बुडाली.

गाव मात्र उठून गेले नाही. अमेरिकेत किंवा नामिबियात खाणी संपल्यावर ओसाड पडलेल्या आणि आज पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या नगरांची वर्णने आपण वाचतो. कोलार गोल्ड फील्ड्समध्ये २०११ च्या जनगणनेतही दीड लाखांहून अधिक माणसे राहत होती. ही माणसे जातील कोठे? मारिकुप्पम, चॅम्पियन, उरिगाम, कोरोमंडल या छोट्या स्थानकांवरून उजाडण्यापूर्वी गाड्या सुटतात आणि बेंगळूरुच्या कारखान्यांत, बांधकामांवर, दुकानांत, कार्यालयांत काम करणारी हजारो माणसे त्यांतून रोज जातात आणि रात्री परततात. माणसे नसलेली अशी कोणतीही जागा त्या डब्यांत शिल्लक नसते. दोन आसनांच्या मधल्या जागेत वर्तमानपत्र अंथरून झोपलेली माणसेही मी पाहिली आहेत. १९६४ मध्ये येथे सुरू झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या कारखान्याने काही घरे सावरली, परंतु खाणींची जागा घेण्याइतका तो मोठा नव्हता.

या गावाच्या उपेक्षेमागे आणखी एक कारण आहे. जमीन कर्नाटकाची, खाण केंद्राची आणि बहुसंख्य लोकांची भाषा शेजारच्या तिसऱ्या राज्याची. कोणाही एका सरकारला हे गाव पूर्णपणे आपले वाटले नाही. सीमाभागातील मराठी माणसाला हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता त्या ढिगांविषयी. एका टन दगडातून काही ग्रॅम सोने काढायचे, तर तो संपूर्ण दगड पिठासारखा दळावा लागतो. सायनाइडच्या द्रावणाने सोने विरघळवून घेतले की बाकी सारे पीठ बाहेर टाकले जाते. अशा सुमारे ३ कोटी ३० लाख टन गाळाचे तेरा ढीग सुमारे हजार एकरांवर पसरले आहेत. लोक त्यांना सायनाइडचे ढीग म्हणतात. राखाडी-पिवळ्या रंगाच्या या सपाट माथ्याच्या टेकड्यांवर पावसाने खोल घळी पाडल्या आहेत, गवताची काडी क्वचितच दिसते, आणि आषाढ-श्रावणातील वारा सुटला की ती पूड उडून थेट लाइन्सवर येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकलेल्या भांड्यांवर तिचा थर बसतो. खिडक्या बंद ठेवून बसावे, तर त्या एका खोलीत श्वास कोंडतो. ज्या पुडीने खाली काम करणाऱ्यांची फुफ्फुसे निकामी केली, तीच पूड वर राहणाऱ्या मुलाबाळांच्या नाकातोंडात जाते आहे. हे ढीग यंत्रांनी उकरून, वाहून, पुन्हा दळायला घेतल्यावर धूळ किती पट उडेल, याचा विचार निविदेच्या कागदांत पहिल्या पानावर असायला हवा.

माझा विरोध ढीग उपसण्याला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नीट पद्धतीने ते उपसले, उरलेला गाळ खोल खड्ड्यांत भरला किंवा मातीने झाकून त्यावर झाडे लावली, तर गावाची धुळीपासून सुटका होईल आणि काही प्रमाणात रोजगारही मिळेल. प्रश्न क्रमाचा आहे. आपल्या देशात खाण बंद करताना काय करावे याचा आराखडा देणे खाणचालकांना बंधनकारक झाले ते २००३ मध्ये, कोलार बंद पडल्यानंतर दोन वर्षांनी. त्यामुळे जमिनीचे पुनर्भरण, पाण्याची तपासणी, कामगारांच्या वसाहतींचे भवितव्य, यांपैकी कशाचाही आराखडा या गावाच्या वाट्याला आला नाही. नव्या उत्खननाच्या निमित्ताने ती राहून गेलेली गोष्ट करता येण्याजोगी आहे आणि अशी संधी पुन्हा मिळणार नाही.

म्हणून माझ्या मते काही अटी करारात आधी याव्यात. ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या या लाइन्समध्ये काढल्या, त्यांना घरांची मालकी उत्खनन सुरू होण्यापूर्वी देण्यात यावी. ढिगांखालची व लगतची जमीन हाती आल्यावर घरांचा प्रश्न बघू, असे म्हटले गेले तर तो कधीच सुटणार नाही, हे गिरणगावाच्या जमिनींचे जे झाले ते पाहिलेल्या मुंबईकराला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट आरोग्याची. सर्व जुन्या कामगारांची आणि ढिगांलगतच्या रहिवाशांची छातीची तपासणी खाणचालकाशी संबंध नसलेल्या वैद्यकीय संस्थेकडून व्हावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत. खाणींचे मोठे रुग्णालय खाणींबरोबरच बंद पडले होते. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत ते झाडूनपुसून पुन्हा वापरात आणले गेले. साथ आली की जे रुग्णालय चालू होऊ शकते, ते सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी कायमचे चालू राहू शकत नाही, हे मला पटत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने खाण कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानची, म्हणजे खाणचालकांकडून पैसा घेऊन तो खाणबाधित लोकांसाठी वापरणाऱ्या निधीची, तरतूद आली आहे. या सोन्यातून त्या निधीत येणारा पैसा प्रथम याच लाइन्सवर खर्च व्हावा.

शेवटची मागणी कागदपत्रांविषयी आहे आणि तिच्यात मुंबईलाही वाटा उचलता येईल. कंपन्यांचे नकाशे, अपघातांच्या नोंदी, हजेरीपट, कामगारांची पत्रके, शाक्य बौद्ध संघाची प्रकाशने, भूगर्भातील प्रयोगांची टिपणे ही सामग्री आज विखुरलेली आहे आणि वाळवी व पाऊस तिला दरवर्षी थोडी थोडी संपवत आहेत. सोन्याचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक वहीत कोणाच्या तरी आजोबांचे नाव आहे. गावातील तरुण मंडळी आपल्या परीने छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी गोळा करत असतात. त्यांना जागा, पैसा आणि अभिलेखांचे शास्त्र जाणणारी माणसे हवी आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्या तेथील प्रयोगांचा इतिहास सांगणारे एक दालन याच गावात उभारावे आणि त्यात कूपकात उतरून भुयार खणून देणाऱ्या कामगारांची नावेही लिहावीत, अशी माझी त्या संस्थेला आदरपूर्वक विनंती आहे.

चंद्रपूर आणि वणीच्या कोळसापट्ट्यातील, तसेच २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी एकाएकी थांबल्यावर ट्रक आणि बार्ज उभे करून बसावे लागलेल्या गोव्यातील वाचकांनी या विषयाकडे आवर्जून लक्ष द्यावे. त्यांच्या भागातील खाणपट्ट्यांचे बंद करण्याचे आराखडे कागदावर आहेत. ते ग्रामसभेत मागून घ्यावेत, वाचावेत आणि त्यांत वसाहतींविषयी काय लिहिले आहे, हे आत्ताच, खाण चालू असताना विचारावे. कोलारच्या लोकांना हा प्रश्न विचारण्याची वेळ आली, तेव्हा उत्तर देण्यास बांधील असलेली कंपनीच बंद झालेली होती.

आपला नम्र,
एक वाचक, बेंगळूरु